ओआरएसमध्ये साखर कशासाठी?

जुलाब झालेल्या रुग्णाला ओआरएस लिहून दिले की नातेवाईक हमखास म्हणतात, "साखर आहे ना त्यात, जरा शक्ती येईल." तुम्हालाही तसेच वाटत असेल. पण ती साखर शक्तीसाठी नसते, पाणी शरीरात शिरावे म्हणून असते.

१९५७ साली डेन्मार्कचे डॉ. येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या पायातील नसांवर काम करताना पेशीच्या आवरणातला एक पंप शोधला. एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून तो दर फेरीला सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. (नोबेल मिळायला १९९७ साल उजाडले!) मोटर लावून गच्चीवरची टाकी भरावी तसेच हे. एकदा वर चढवलेले पाणी नळाला आपोआप येते. बाहेर काढलेले सोडियमही संधी मिळताच पेशीत परत शिरू पाहते.

आतड्यात ते शिरताना ग्लुकोजला सोबत घेऊन शिरते, ही कल्पना अमेरिकेच्या रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली. मीठ आणि साखर आत गेले की मागोमाग पाणी जाते. कॉलऱ्याचे विष आतड्यातून पाणी अक्षरशः ओतायला लावते, पण हा दरवाजा त्याला बंद करता येत नाही. १९६८ साली ढाक्यात रुग्णांवर याचा प्रत्यय आला.

खरी कसोटी लागली ती १९७१ साली, पश्चिम बंगालमधल्या बनगावला. बांगलादेश युद्धातले निर्वासित, छावण्यांत कॉलरा, जमिनीवर झोपवलेले रुग्ण आणि संपत आलेली सलाईन. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे द्रावण करून ते नातेवाईकांच्याच हाती दिले. छावण्यांत सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर त्यांच्या रुग्णांत ४ टक्क्यांच्याही खाली आला. पद्मविभूषण मिळाले, पण मरणोत्तर, २०२३ साली.

आजच्या पाकिटात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. म्हणून जुलाब झाले असताना मधुमेहींनीही ते घ्यावे, फक्त रक्तातली साखर तपासत राहावी. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा, पेलाभर पाण्यात थोडी पूड टाकून नको. वरून जादा साखरही घालू नका. जास्त साखर उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.