तारीख न लाभलेलं कलम

आणीबाणीत आजोबांना मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, नेलं तेव्हा "दोन प्रश्न विचारून सोडतो," एवढंच घरी सांगितलं होतं, असं आजी सांगायची. पुढे तुरुंगातून पोस्टकार्डं येऊ लागली. मधल्या ओळींवर काळी शाई फासलेली. आजी कार्ड कंदिलाच्या उजेडात आडवं-उभं धरून बघायची, पण हाती लागायचं ते "पोरांची शाळा बुडवू नकोस" एवढंच. कोर्टात जायचीही सोय उरली नव्हती. आणीबाणीत स्थानबद्धाला हेबियस कॉर्पसची दाद मागता येणार नाही, असा निकाल 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. पाच न्यायाधीशांपैकी न्या. खन्ना तेवढे विरोधात गेले. त्यांचं नाव आजोबा देवाचं घ्यावं तसं घ्यायचे.

1977 साली आलेल्या जनता सरकारबद्दल आमच्याकडे बरं बोलणारेही तेच एकटे. "भांडून भांडून घालवलं," हे मामाचं पालुपद. मला आजोबांचं पटतं. त्या नेमस्त मंडळींनी मिसा रद्द केला, 44वी घटनादुरुस्ती केली. राज्यसभेत बहुमत नव्हतं, काही कलमांवर पाणी सोडावं लागलं. तरी आणीबाणी पुकारायला 'अंतर्गत अशांतता' हे कारण उरलं नाही, 'सशस्त्र उठाव' आलं. मंत्रिमंडळाच्या लेखी सल्ल्याशिवाय आणीबाणी पुकारता येईना. आणि जगण्याचा, व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित राहिला. त्यांचं सरकार 1979 मध्ये कोसळलं, हे सगळं टिकलं.

टिकलं नाही ते त्यांनी पुढच्या तारखेवर ठेवलेलं. याच दुरुस्तीचं तिसरं कलम स्थानबद्धतेबद्दल होतं. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने डांबता येतं, ती मुदत दोन महिन्यांवर आणायची. मंडळावर उच्च न्यायालयाचे न्यायाधीशच हवेत, तेही मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं हे कलम लागू कधी करायचं, ते मात्र सरकारवर सोडलं. दुरुस्तीचा बाकीचा भाग लागू झाला, हे राहिलं. राग येतो तो इथे. ज्यांनी तुरुंग भोगला त्यांनीच हे उद्यावर ढकलावं?

1980 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. त्याआधीच्या वटहुकमाखाली स्थानबद्ध झालेले धनबादचे खासदार ए. के. रॉय कोर्टात गेले. कलम लागू करा असा आदेश आम्ही सरकारला देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1981च्या अखेरीस सांगितलं. त्यानंतर चंद्रशेखर, देवेगौडा, वाजपेयी पंतप्रधान झाले. तिघेही आणीबाणीत आत होते. घटनेच्या 22व्या अनुच्छेदात तीन महिने तसेच आहेत, आणि ते दोनवर आणायला राजपत्रातली एक अधिसूचना पुरते.