इनामगावच्या घरांतील दफने

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या तीरावर इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत येथे शेतकऱ्यांची वस्ती नांदली. जव हे त्यांचे मुख्य पीक. तांबे त्यांना ठाऊक होते, पण ते दुर्मीळ असल्याने रोजच्या कामाला गारगोटीची पातीच असत.

मात्र इनामगाव मनात घर करते ते तेथील दफनांमुळे. दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांत बहुसंख्य लहान मुलांची आहेत. मूल दगावले की दोन मातीच्या घागरी तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवीत, त्यांत ते निजवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. सोबत वाडगे, तोटीचे भांडे ठेवीत. त्याच जमिनीवर आई पुन्हा चूल पेटवी. २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्या आपल्याला हे चित्र परके वाटू नये.

प्रौढांना उत्तर-दक्षिण उताणे निजवीत. पण त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळतात. मृताने भूत होऊन हिंडू नये, हा त्यामागचा हेतू असावा, असे संशोधक मानतात. असेलही. परंतु ज्याची भीती वाटते त्याला कोणी आपल्याच छपराखाली ठेवील का? आपले माणूस घर सोडून जाऊ नये, ही माया त्यात मला अधिक दिसते. एका पुरुषाची पावले मात्र शाबूत आहेत. वस्तीच्या मध्यभागी, धान्याचे कोठार असलेल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या रांजणात तो मांडी घातलेल्या स्थितीत आढळला. तो गावचा प्रमुख असावा. मरणातही मानपान सुटला नव्हता!

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास दिवस पालटले. पाऊसमान घटले असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती उणावली, शिकारीवरची भिस्त वाढली. तरीही मुलांच्या घागरी घरातच पुरल्या जात होत्या. पुढे ७०० च्या सुमारास लोक गाव सोडून गेले. जाताना त्यांनी गुरे नेली असतील, भांडीकुंडी नेली असतील. घागरी जमिनीखालीच राहिल्या.