बोलीचा सूर



शाळेत 'मला'ऐवजी 'माका' म्हटले म्हणून बाईंनी मला चारचौघांत टोकले होते. त्या लाजेपोटी मी मुलीला घरात मालवणी बोलू दिली नाही.

परंतु आपल्या जत्रेतील दशावतार पाहा. पखवाज, झांज, पेटीच्या साथीत राजे ग्रांथिक मराठी बोलतात, तर संकासुर मालवणी. दोन्ही एकाच मंचावर शोभतात. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' आले. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले आणि आमचे हेल मुंबईने डोक्यावर घेतले. राष्ट्राची संस्कृती अशा गावोगावच्या सुरांनीच घडते.

परवा मुलीला म्हटले, "चेडवा, माझ्यावांगडा बस."

ती म्हणाली, "आई, वांगडा म्हणजे काय?"

चूक माझीच. आता रोज एक शब्द शिकवते.