बर्फावरील जाड चाकाची कुळकथा

अंबरनाथ पश्चिमेस बर्फ दृष्टीस पडते ते गोळेवाल्याच्या गाडीवर. असे असूनही ज्या सायकलीची घडण मुळात बर्फासाठी झाली, ती चार इंची टायरांची सायकल आता डांबरी रस्त्यावरही मुलांच्या हाती दिसू लागली आहे. चाक जितके जाड तितकी सायकल बळकट, असा पालकांचा सर्वसाधारण समज असतो. ह्या चाकाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. त्याच्या रुंदीचे खरे प्रयोजन बळकटी हे नसून, आतील हवा अत्यंत कमी ठेवता यावी, हे होय.

सायकलीवरून बर्फ तुडविण्याचे साहस मुंबई इलाख्यास अपरिचित नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरांची मजल मारून १८ मार्च १९२८ रोजी स्वगृही परतले. मेसोपोटेमियाचे वाळवंट आणि आल्प्सचा हिममय घाट, दोन्ही त्यांनी ओलांडले, आणि तेही रस्त्यावरच्या साध्या सायकलींनिशी. वाळू आणि बर्फ ही वरकरणी दोन टोके. परंतु चाकाच्या दृष्टीने दोन्ही एकाच जातीची संकटे. भार पडला की जमीन खचते आणि चाक रुतते.

त्याही पूर्वी, १९०० साली, एड जेसन नामक गृहस्थ सोन्याच्या लोभाने कॅनडातील डॉसनहून अलास्कातील नोमपर्यंत सुमारे हजार मैल गोठलेल्या नदीवरून सायकल हाकीत गेला. कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी दाबून घट्ट केलेली वाट होती म्हणूनच हे साधले. थंडीने टायरांचे रबर कडक होई, तेल गोठे. डनलॉपने १८८८ साली हवेचा टायर सिद्ध केला खरा, पण अरुंद टायरात हवा कमी केली की रिंग जमिनीस टेकते. त्यामुळे त्या मृदुपणाचा बर्फावर पुरा लाभ घेता येत नसे.

ही अडचण सुटली ती १९८७ नंतर. त्या वर्षी अलास्कात इडिटाबाइक ही हिवाळी शर्यत सुरू झाली आणि तेथील कारागिरांनी दोन रिंगा शेजारी शेजारी जोडून एक रुंद चाक करण्याचा खटाटोप आरंभिला. फेअरबँक्सच्या सायमन रॅकोवरने पुढे ४४ मिलिमीटर रुंदीची 'स्नोकॅट' रिंग बाजारात आणली. मौज अशी की, ह्याच सुमारास दक्षिणेकडील न्यू मेक्सिकोत रे मोलिना हा वाळूच्या टेकड्यांसाठी सुमारे ८० मिलिमीटरची रिंग आणि साडेतीन इंची टायर करवून घेत होता. वाळूचे चाक बर्फवाल्यांनी पाहिले आणि तेच आपलेसे केले! २००५ साली मिनेसोटातील सर्ली कंपनीने ३.७ इंची टायरांची 'पग्सली' विक्रीस काढली, तेव्हापासून हा प्रकार हौशी कारागिरांच्या हातून दुकानांत आला.

आता हिशेब पाहावा. स्वार व सायकल मिळून दोनशे पौंड धरले तर प्रत्येक चाकावर शंभर येतात. टायरात चौरस इंचास पन्नास पौंड हवा असेल तर चाक जमिनीस सुमारे दोनच चौरस इंच टेकते. आठ पौंड असेल तर साडेबारा. बर्फावर तरणे म्हणतात ते एवढेच. परंतु येथे एक फसगत संभवते. वीस अंश उष्ण खोलीत आठ पौंड हवा भरून सायकल शून्याखाली वीस अंशांत नेली, तर तीच हवा पाचांवर उतरते. म्हणून थोड्या दाबाचा अचूक मापक जवळ असावा आणि हवा बाहेर, थंडीतच, तपासावी.

परदेशी असलेल्या ज्या मुलास अशी सायकल घ्यावयाची असेल, त्याने रंगरूपापूर्वी चिमट्याची व मागील चौकटीची रुंदी पाहावी. चारऐवजी पाच इंची टायर पुढे बसवावासा वाटला तर तेथेच अडते. रिंगही रुंद हवी, नाही तर कमी हवेत टायर डुलतो. उघड्या गोठलेल्या पृष्ठावर मात्र रुंदी कुचकामाची. तेथे खिळ्यांचाच टायर लागतो. गुडघाभर भुसभुशीत नव्या बर्फात तर कोणतीही सायकल हातानेच ढकलावी लागते, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

अंबरनाथच्या डांबरावर आठ पौंड हवा ठेवली तर चाक ओढल्यागत जड जाते, भरपूर भरली तर रुंदी शोभेपुरती उरते. शाळेत जाणाऱ्या मुलास साधी सायकलच हलकी पडेल. अलिबाग वा काशीदच्या पुळणीवर मात्र हे चाक खुलते, कारण त्याचे अर्धे कुळ वाळूचेच. तेथे हवा उतरवून चालवावी, परतीच्या रस्त्यावर पुन्हा भरावी, आणि घरी पोचताच साखळी गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे. खाऱ्या वाळूने ती फार लवकर गंजते.