उंटाच्या बळीमागचं कूळ

टोरांटो, ५ एप्रिल २०२४. बुद्धिबळाच्या कँडिडेट्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत काळी मोहरी घेऊन बसलेल्या नाशिकच्या विदित गुजराथीनं अकराव्या चालीला उंट देऊन हिकारू नाकामुराच्या राजाजवळचं प्यादं मारलं. सलग ४७ डाव न हरलेला नाकामुरा तो डाव हरला. या पातळीवरच्या अशा चाली हल्ली बहुतेकदा घरी इंजिनावर, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामवर, पिंजून काढलेल्या असतात.

या इंजिनाची कुळकथा बहुतेक जण १९९७ मधल्या डीप ब्लू या संगणकापाशी आणून सोडतात. जगज्जेता कास्पारोव त्याच्याकडून हरला, गोष्ट संपली. कुणी फार तर आणखी मागे जातो. समोरचा आपलं जास्तीत जास्त नुकसान करणार असं धरूनच चाल निवडायची, हा फॉन नॉयमनचा १९२८ चा विचार. तो यंत्राकडून कसा करवून घ्यावा, हे क्लॉड शॅनननं १९५० मध्ये लिहिलं. हे झालं एक घराणं. मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं: दोन इंजिनांतलं सरस कोणतं, हे ठरवणाऱ्यांचं.

चाल बघून ते कळत नाही. दोन तुल्यबळ इंजिनं खेळली की बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. मग खेळवायचे तरी किती? उत्तर बुद्धिबळाबाहेरून आलं. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अब्राहम वाल्ड युद्धसामग्रीच्या तपासणीचं गणित मांडत होता. नमुने किती घ्यायचे हे आधी ठरवू नका, एकेक तपासत चला, पुरावा पुरेसा झाला की थांबा, ही त्याची रीत.

२०१३ मध्ये गॅरी लिन्स्कॉटनं स्टॉकफिश या मोफत इंजिनासाठी फिशटेस्ट उभारलं, त्यात वाल्डचीच रीत कामाला लागली. कुणी एक ओळ बदलली तरी नवी आवृत्ती जुनीशी हजारो डाव खेळते, जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर. बरोबऱ्या कमी व्हाव्यात म्हणून सुरुवात मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या स्थितीतून, आणि मग मोहरी बदलून तीच स्थिती पुन्हा. बहुतेक बदल नापास होतात, सुचवणारा कितीही नावाजलेला असो. यू नासूनं शोगी या जपानी बुद्धिबळासाठी घडवलेल्या धर्तीचं न्यूरल नेटवर्क २०२० मध्ये स्टॉकफिशमध्ये आलं, तेही आधी हजारो डाव खेळूनच.