माळवदाच्या घरातील वाय-फाय

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील जुन्या घरांत वाय-फायची रेंज एखाद्या खोलीपुरतीच मिळते. त्याचे कारण बहुधा राउटरमध्ये नसून भिंतीत असते. दगड व पांढऱ्या मातीची दोन-अडीच फूट जाडीची भिंत उन्हाळ्यात घर थंड ठेवते. तीच भिंत रेडिओलहरींची बरीचशी शक्ती गिळते. पाणी या लहरी शोषून घेत असल्याने पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा अडथळा आणखी वाढतो. माळवदाच्या मातीमुळे माडीवरही रेंज तोकडीच पडते.

राउटर कोनाड्यात ठेवण्याची पद्धत सर्वत्र आढळते. जागा सोयीची खरी. पण मागे आणि दोन्ही बाजूंना भिंत असल्याने घरातील सर्वांत वाईट जागा तीच. त्याऐवजी तो चौकाकडे उघडणाऱ्या दारासमोर, थोड्या उंचीवर ठेवावा. उघड्या चौकातून लहरी विनासायास पलीकडच्या खोलीत पोहोचतात. लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी व कूलर मात्र वाटेत नसावेत.

राउटरच्याच खोलीत ५ गिगाहर्ट्‌झची पट्टी वेगवान ठरते, भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्‌झची अधिक उपयोगी. दाट वस्तीत या दुसऱ्या पट्टीवर शेजाऱ्यांचीही गर्दी असते, म्हणून १, ६ व ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडावा.

रिपीटर रेंज नसलेल्या खोलीत लावून उपयोग नाही. जेथे रेंज अजून चांगली आहे अशा मधल्या जागी तो हवा. साध्या रिपीटरने वेग जवळजवळ निम्मा होतो. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लॅन केबल ओढून पलीकडे दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून जोडणे. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते.

केबलसाठी भिंत फोडू नये, हे येथे विशेष महत्त्वाचे. अशा भिंतीत दगडांचे आतले व बाहेरचे असे दोन थर असतात आणि मध्ये केवळ दगडगोटे व माती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच प्रकारच्या भिंती व माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. हातोड्याच्या घावांनी आतली माती सुटते, दगड सैल होतात. केबल खिडकीच्या गजांतून अथवा चौकटीच्या कोपऱ्यातून न्यावी. भूकंपानंतर भिंतीला लोखंडी जाळी लावून गिलावा केला असल्यास त्यातून लहर जवळपास जातच नाही. तेथे केबलवाचून गत्यंतर नाही.