राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना

महाराष्ट्र शासनाची रुग्णालयीन खर्चाची विमा योजना. पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांसाठी ती २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, मुंबई इ. आठ जिल्ह्यांत सुरू झाली. जवाहरनगर ज्यात मोडते त्या भंडारा जिल्ह्यासह उर्वरित राज्यात ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली. ९७२ उपचारांसाठी कुटुंबामागे वार्षिक दीड लाख रुपयांची मर्यादा होती. नोंदणी, पूर्वमान्यता व देयके हे सर्व व्यवहार संगणकाद्वारे होत. तथापि नियोजित आरोग्यपत्रे हाती येईपर्यंत शिधापत्रिकाच ग्राह्य धरावी लागली. साहजिकच शिधापत्रिकेत नाव न चढलेल्या व्यक्तीची, उदा., नुकत्याच घरात आलेल्या सुनेची, पात्रता संगणकापेक्षा तहसील कार्यालयाच्या दप्तरावर अवलंबून राहिली. संगणकीय सिद्धतेअभावी मुदत टळण्याचा प्रकार संपन्न देशांतही घडला आहे. अमेरिकेतील ‘मेडिकेअर’ या शासकीय योजनेत १९९७ च्या कायद्यानुसार बाह्यरुग्णसेवेची नवी देयकपद्धती जानेवारी १९९९ पासून अपेक्षित होती. परंतु संगणकांतील सन २००० चा दोष आधी दूर करावा लागल्याने ती ऑगस्ट २००० मध्ये अंमलात आली. महाराष्ट्रातील योजनेस २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली.